कोठीचा तळ

दर आखितीला आमच्या घरात भांडण ठरल्यालं. अक्षय तृतीयेच्या सणाचा दिस, मी गॅसपुढं घामाघूम, आन् आमचे हे अंघोळ करून, टोपी घालून, माझ्या डब्यातली जोंधळं मापट्यात भरत बसायचे. मापटं म्हंजी अर्ध्या शेराचं पितळी माप, काठाला चेपल्यालं. मी म्हणायची, "अवं, भाकरीची हायेत ती." हे म्हणायचे, "व्हय, म्हाईत हाय," आन् भरायचे. शिगोशीग भरायचे. मंग ते मापटं दोन्ही हातांत धरून शेजारच्या कोठीत जायचे आन् रिकाम्या कोठीच्या तळाला ओतून यायचे. मी उंदरांना शिव्या द्यायची, त्या ह्यांना लागाव्यात म्हणून. ह्यांना कवा लागल्या न्हाईत.

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्या येळच्या बाया लाजत्यात, पर आता कसली लाज. ज्योतीराम. ज्योतीराम कोठावळे. आडनाव कामावरनं पडल्यालं. ह्यांचा बाप, आजा, पणजा, समदे इनामदारांच्या कोठीचे राखणदार. आमचं गाव महाळुंग्याच्या अलीकडं. गाव म्हणायचं आपलं तोंडानं. चारी अंगानं कंपन्या, गोदामं आन् रस्त्याकडंला उभे ट्रेलर. नवं माणूस येतं ते कंपनीच्या गेटाचा पत्ता इचारतं, गावाचा न्हाई.

इनामदारांचा वाडा मी लगीन होऊन आले त्याच्या आधीच गेला व्हता. लाकूड इकलं, दगूड कुंपणाला लावलं, आन् माणसं बंगला बांधून सांगवीला गेली. मागं राह्यली ती धान्याची कोठी. काळ्या दगडाची, बिनखिडकीची, दरवाजा एवढा बुटका की धनी असू दे न्हाईतर चोर, वाकूनच आत जायचं. आत मोठमोठे कप्पे. वरनं धान्य ओतायचं, खालच्या तोंडातनं काढायचं, तोंडाला शेणामातीचं बूच. एके काळी अख्ख्या पंचक्रोशीचं धान्य तिच्या पोटात मावायचं म्हणत्यात. त्या कोठीला लागून दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आन् शेवग्याचं झाड. त्या आमच्या. आमच्या म्हंजी कागदावर न्हाई, शब्दावर.

त्यो शब्द कसा मिळाला ते सांगते, कारण इनामदार सांगत्यात ते येगळं आन् आमी सांगतो ते येगळं. इनामदार सांगत्यात, मोठा दुष्काळ पडला, आमच्या पूर्वजांनी कोठी खुली केली आन् गाव जगवलं. खोटं न्हाई. कोठी खुली केली. पर कवा? धनी तवा पुण्यात. किल्ली ह्यांच्या खापरपणज्याच्या कमरेला. हुकूम आल्याबिगर कुलूप काढायचं न्हाई, एवढीच त्या माणसाची अक्कल. गावानं शिव्या घातल्या, दगडं मारली, तरी ह्यो दाराला पाठ लावून बसला. त्याच्या सोताच्या घरात चूल पेटत नव्हती. धाकटी पोर भुकेनं रडून रडून गप झाली. आन् भिंतीपल्याड धान्याच्या राशी! हुकूम आला तवा पोर गेल्याली व्हती. मंग धनी आले, ऐकून रडले म्हणत्यात, आन् गावापुढं शब्द दिला: कोठीत दाणा हाय तवर कोठावळ्याचं बिऱ्हाड कुणी हलवायचं न्हाई.

मी नवी नवरी असताना सासूनं हे सांगितलं, तवा सांगताना तिचा ऊर भरून आल्याला. कसं इमान, म्हणली. मला मातुर मस्तकात तिडीक गेली. असलं इमान काय चाटायचं व्हय? लेकरू मेलं आन् त्या बदल्यात दोन खोल्या मिळाल्या. पर नव्या सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून मी भाकरी थापत राह्यले.

आता शब्दच असा, मंग कोठावळ्यांनी काय करावं? कोठी कवा रिती हुऊच दिली न्हाई. इनामदारांच्या जमिनी व्हत्या तवर धान्य येत व्हतं. थोड्या जमिनी कुळांकडं गेल्या, राह्यल्याल्या कंपन्यांना गेल्या, आन् कोठीत येणारं धान्य आटलं. तवा माझ्या सासऱ्यानं दर आखितीला घरचं मापटं ओताया सुरवात केली. त्यांच्यामागं ह्यांनी. म्हंजी बगा, इनामदारांची कोठी भरत व्हतो आमी, सोताच्या पोटाला चिमटा काढून, का तर आमच्या डोक्यावरचं छप्पर राहावं. हाय का न्हाई गंमत?

ह्यांचा जलम कशात गेला म्हणाल तर दोन पाळ्यांत. एक कंपनीची, एक कोठीची. कंपनीत पत्रा दाबायच्या मशीनवर उभं राहायचं. शिफ्ट सुटली की सायकल मारत घरी यायचं, आन् चहा पोटात जायच्या आधी कोठीला चक्कर. घुशीनं पाया उकरलाय का, छपरावरचा पत्रा हाललाय का, कुणा ट्रेलरवाल्यानं भिंतीला गाडी घासलीय का. दिवाळीला आमच्या खोल्यांना चुना लागायचा न्हाई, कोठीला लागायचा. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी म्हणायची, "कंपनी ओव्हरटाइम तरी देते. ही काय देते?" हे म्हणायचे, "घर देते की."

खरं तर तिथंच चुकलं. ह्यांच्या संगतीच्या माणसांनी, एकाच मशीनवर उभं राहणाऱ्यांनी, थेरगावात, सांगवीत जागा घेतल्या. कर्ज काढून घेतल्या, वरण-भातावर दिस काढले, पर चार भिंती नावावर केल्या. ह्यांना बी सांगाया आले व्हते, "ज्योतीभाऊ, आत्ता घ्या, मागनं परवडणार न्हाई." हे ओट्यावर बसून हसले. "आमाला कशाला राव? आमाला शब्द हाय." मी आत व्हते. मला बी ते बरंच वाटलं, कशाला खोटं बोलू. दारात शेवगा, मोकळा ओटा, वारा. फ्लॅटात काय हाय?

ह्यांची रिटायरमेंट झाली, गुडघे गेले, आमची स्नेहल लगीन होऊन थेरगावला गेली. आन् गेल्या साली जयदीप आला. जयदीप म्हंजी आताचे धनी दादासाहेब इनामदार, त्यांचा मुलगा. वाईट न्हाई पोरगं. शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर यायचं, माझ्या हातची भाकर-चटणी खायचं. आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला, आन् म्हणला, "काका, कोठीची जागा गोदामवाल्यांना द्यायचं ठरलंय."

मी बोलले, "आन् आमी?"

"त्याचंच सांगतोय काकू. दादासाहेब सही करत नाहीत. म्हणतात, कोठीत दाणा असेपर्यंत घराण्याचा शब्द मोडणार नाही." मंग ह्यांच्याकडं वळून म्हणला, "तुम्ही तेवढी कोठी झाडून द्या ना काका."

बगा शहाणपण! शब्द मोडायचा न्हाई. फकस्त दाणा काढायचा, आन् त्यो बी आमच्याच हातानं.

पर ह्यात एक मेख व्हती. आमच्याकडं कणगीचा म्हणा, कोठीचा म्हणा, तळ कुणी झाडत न्हाई. साधी घरातली कणगी आसंल तरी मूठभर दाणं तळाला ठिवत्यात. जो तळ झाडतो त्याच्या घरची बरकत जाते. हे आमी अडाणी लोक मानतो असं न्हाई, समदेच मानत्यात. हे म्हणले, "छोटे धनी, कोठी तुमची हाय. तुमीच झाडा की."

जयदीप हसला. "मी तसलं काही मानत नाही काका."

"मंग झाडा."

पोरगं मोबाईलात बघाया लागलं. जरा येळानं हळूच म्हणलं, "आईनं शपथ घातलीय."

मला हसू आवरंना. पदर तोंडाला लावून आत पळाले.

दुसऱ्या खेपंला त्यानं नाक्यावरनं दोन मजूर आणले, मराठवाड्याकडले. त्यातला एक वाकून आत गेला, हळद-कुंकू लावल्यालं कप्प्याचं तोंड बघितलं, तळाची जोंधळं बघितली आन् तसाच उलटा बाहेर. "न्हाई जमत मालक. तळ झाडत नसतेत आमच्याकडं. भिंत पाडाय सांगा, आत्ता पाडतो." जयदीपनं जरा समजावून बघितलं. त्यो गडी जोडीदाराला घेऊन, पाटीत फावडं टाकून चालू पडला. जाताना माझ्याकडं पाणी मागून प्याला आन् म्हणला, "मावशे, संबाळून ऱ्हावा."

त्या दिसापासनं माझी मान ताठ. जन्मभर ज्या जोंधळ्यावरनं भांडले ती जोंधळं आमची सनद निघाली की! धनी न्हाई झाडणार, मजूर न्हाई झाडणार, आन् आमी तर न्हाईच न्हाई. मंग कोण हलवतंय आमाला? ह्या साली आखिती आली तवा मीच चाकणच्या बाजारातनं टपोरी मालदांडी जोंधळं आणली. ह्यांच्या आधी उठले, मापटं घासून लख्ख केलं, भरलं, ह्यांच्या हातात दिलं. हे बघतच राह्यले.

"आज भांडायचं न्हाई का?"

"गप ओता," मी म्हणलं.

ओतून आले आन् ओट्याला धरून धरून खाली बसले. गुडघं चोळत म्हणले, "अजून किती साल ओतायचं गं?"

"मरंस्तवर," मी म्हणलं. मी आपली खुशीत व्हते.

"व्हय," हे म्हणले. "मरंस्तवर." आन् टोपी काढून मांडीवर ठिवली.

मंग दादासाहेब आले. सोता. ह्यांच्यापरीस वयानं मोठे, हातात काठी, कपडे मातुर पांढरेशुभ्र. गाडी थांबल्याचं दिसलं तसे हे चपला न घालता पळाले, गुडघे कुठं गेले काय म्हाईत. हाताला धरून ओट्यावर आणलं. मी चांगल्या कपात चहा दिला. दादासाहेबांनी स्नेहलची चौकशी केली, ह्यांच्या गुडघ्याची केली, शेवग्याला शेंगा लागतात का इचारलं. मोठ्या घरातली माणसं, बोलणं कसं मऊसूत. जयदीप गाडीपाशीच उभा.

कप खाली ठिवून दादासाहेब म्हणले, "ज्योतीराम, घरात केरसुणी आहे का रे?"

मी दारामागं बघितलं.

"कशाला, दादासाहेब?" ह्यांनी इचारलं.

"शब्द माझ्या घराण्याचा आहे. मोडायचाच तर त्याचं पाप मी घेतो. दुसऱ्याच्या माथी कशाला? मीच झाडतो."

काय सांगू, माझ्या डोळ्याला पाणी आलं. एवढा मोठा माणूस, ह्या वयात! तरी बी मी म्हणलं, "केरसुणी मोडलीय." दारामागं दिसत व्हती, तरी म्हणलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. आत गेले, केरसुणी आणली आन् दादासाहेबांच्या पुढं धरली.

दोघं कोठीकडं गेले. मी मागनं. दादासाहेब वाकून आत शिरले, काठी भिंतीला लावली. एक हात गुडघ्यावर, एका हातात केरसुणी. वाकले. कमरेपातूर वाकले आन् अडकले. केरसुणीचं टोक काय भुईला पोचंना. "आई गं," म्हणले.

"धनी, द्या हिकडं," हे म्हणले.

आन् दादासाहेबांनी दिली.

मी दारात उभी व्हते, मी बघितलं. चहाला सुदिक माणूस दोनदा नको म्हणतं. पान पुढं केलं तरी नको नको म्हणतं. ह्यांनी एकदाच म्हणलं आन् केरसुणी ह्या हातातनं त्या हातात गेली. बोटं आधीच सैल झाल्याली व्हती. ओढावी लागली न्हाई, मागावी सुदिक नीट लागली न्हाई. माझ्या डोळ्यातलं पाणी तिथंच सुकलं. मला समदं कळून चुकलं. मुलाला जमलं न्हाई ते करायला बाप आला व्हता, आन् त्याला पक्कं ठावं व्हतं की ज्योतीराम कोठावळा आपल्याला वाकू द्यायचा न्हाई.

हे झाडाया लागले. वरची मालदांडी, खालची जुनी, त्याच्याखाली किड्यांनी खाऊन पीठ झाल्याली, त्याच्याखाली सासऱ्याच्या हातची असतील. सुपात भरत गेले. मी दारातनं म्हणलं, "अवं, मूठभर तरी ऱ्हाऊ द्या." ऐकलं न्हाई. कोपरे झाडले. दगडाच्या फटीतनं काडीनं दाणे काढले. आपल्याच घराचा पाया उकरत व्हते आन् कसे, तर नीटनेटके! कप्प्यात एक दाणा ठिवला न्हाई. दादासाहेब भिंतीला टेकून बघत व्हते. जयदीप आला, खिशातला रुमाल पसरला आन् म्हणला, "काका, यातले मूठभर द्या ना. देवघरात ठेवायला. आईनं सांगितलंय." ह्यांनी मूठभर दिले. मला वाटलं, ती मालदांडी माझी, मी चाकणातनं निवडून आणल्याली, आन् ती आता सांगवीच्या देवघरात बसणार. बाकीचे हे देवळापुढं पाखरांना टाकून आले.

दादासाहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठिवला. "तू होतास म्हणून," एवढंच म्हणले. गाडी गेली.

आमी थेरगावला आलो. डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत स्नेहलनं खोली बघून दिली. एक खोली, कोपऱ्यात ओटा, तिथंच गॅस. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातल्यालं धुणं तोंडावर. जयदीपनं टेम्पो पाठवला व्हता, तेवढं खरं. शेवगा काय टेम्पोत येत न्हाई. कोठी पाडली तवा आमी गेलो न्हाई. गावातली अंबुबाई फोनवर सांगत व्हती, मशीनला लई येळ लागला म्हणून.

मी ते दादासाहेबांच्या बोटांचं कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांना तर न्हाईच. म्हणलं, माणसानं जन्मभर ज्याला धनी म्हणलं, त्याच्याबद्दल ह्या वयात कशाला मन मोडायचं? गिळून बसले. हिकडं मला झोप न्हाई, मोरीत पाय घसरतो, जिना चढताना छाती भरून येती, कुणाशी बोलावं तर समदी दारं लावल्याली. आन् हे? हे मातुर झोपाया लागले. दुपारचे सुदिक, पंखा लावून, घोरत. दोन भाकरी जास्त खाया लागले. एक दिस उठले, तोंडावर पाणी मारलं आन् म्हणले, "काय बरी झोप लागती गं हितं."

माझा तोल गेला. गॅसपुढं उभी व्हते, तशीच वळले.

"झोपा की! तुमास्नी काय! त्या म्हाताऱ्यानं तुमाला फशी पाडलं. त्याला झाडायचंच नव्हतं. तुमी हात पुढं केला आन् त्यानं केरसुणी अशी सोडली, अशी! मी दारातनं बघितलं. आजवर बोलले न्हाई, तुमच्या जिवाला लागंल म्हणून."

मला वाटलं, आता हे भांडतील, धन्याचं नाव घेतलं म्हणून. न्हाईतर मान खाली घालून बसतील. ह्यांनी शांतपणानं पंच्यानं तोंड पुसलं.

"मला म्हाईत हाय," म्हणले.

"काय म्हाईत हाय?"

"ते झाडणार न्हाईत ते. गाडीतनं उतरले तवाच कळलं. केरसुणी मागाया कोण सांगवीवरनं येतं व्हय?"

माझ्या हातातली पळी तशीच हातात. "मंग का झाडलं?"

हे खाटंवर बसले. गुडघं चोळत म्हणले, "रंभे, दमलो व्हतो गं मी. बाप कोठी राखत व्हता म्हणून मी राखली, आजा राखत व्हता म्हणून बापानं राखली. मला सोडायला निमित्त पायजे व्हतं. आपणहून सोडलं असतं तर गावानं काय म्हणलं असतं? धनी सोता केरसुणी मागाया आला, म्हणलं चला, त्यो बी सुटतो, मी बी सुटतो."

मी ऐकत उभी राह्यले. रडू येतंय का राग येतोय, मला कळंना. मंग कळलं.

"आन् मी?" मी म्हणलं. "तुमी सुटला, त्यो सुटला. घर माझं न्हवतं व्हय? ती मालदांडी कुणी आणली व्हती? मी दारात उभी व्हते की. मूठभर ठिवा म्हणत व्हते. मला इचारलंत का एकदा तरी, रंभे, सोडू का म्हणून?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. इचारायचं असतं हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर लिहिल्यालं दिसत व्हतं. खापरपणज्यानं तरी त्याच्या बायकूला कुठं इचारलं व्हतं!

"न्हाई इचारलं," म्हणले.

मला राग आला, लई राग आला. पहिल्यासारखं असतं तर तरातरा जाऊन मागच्या दारात, शेवग्याखाली बसले असते, सांजपातूर बोलले नसते. हितं मागचं दारच न्हाई. मी पळी ठिवली आन् ह्यांच्याच शेजारी खाटंवर बसले, कारण त्या खोलीत बसाया दुसरी जागा नव्हती.